आधी उष्णता, मग फॅन : गेमिंग लॅपटॉपचं तापणं आणि घोंघावणं

मे महिन्यात नागपुरात रात्री अकरालाही भिंतींना हात लावला तर गरम लागतात. गेल्या उन्हाळ्यात अशाच एका रात्री माझा भाचा गेम खेळत बसला होता. खिडकीत कूलर चालू, छताचा पंखा पाचवर, आणि या दोघांच्याही वर चढून ऐकू येत होता तो त्याच्या लॅपटॉपचा आवाज. दाराबाहेर उभं राहिलं तर वाटावं, आत कुणी हेअर ड्रायर सुरू ठेवलाय. थोड्या वेळाने गेम अडकत अडकत चालायला लागला. "मामा, ग्राफिक्स कार्ड गेलं वाटतं," तो रडवेला होऊन म्हणाला. कार्ड गेलं नव्हतं. आतली चिप तिच्या तापमानाच्या मर्यादेला टेकली होती आणि जळू नये म्हणून तिने स्वतःच वेग कमी केला होता.

गेमिंग लॅपटॉप घेतलेल्या प्रत्येक घरात हा प्रश्न कधी ना कधी येतोच. मग उपायांची शोधाशोध सुरू होते. कुणी कूलिंग पॅड घ्यायला सांगतं, कुणी पेस्ट बदलायला, कुणी एखादं सॉफ्टवेअर टाकायला. यातला कोणता उपाय नेमकं काय करतो, कोणता आधी करायचा आणि कोणता केला नाही तरी चालतो, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. हा लेख त्यासाठी आहे. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो : आवाज फॅनचा असला तरी उपाय फॅनपासून सुरू करू नये. उष्णता जिथे तयार होते तिथून सुरुवात करावी, मग ती बाहेर जाण्याची वाट मोकळी करावी, आणि फॅनला हात सगळ्यात शेवटी लावावा.

दीड बल्ब आणि एक पातळ डबा

घरात पूर्वी पिवळे १०० वॉटचे बल्ब असायचे. चालू बल्बला चुकून हात लागला तर चटका बसायचा. आता आकडे बघा. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४०६० या लॅपटॉपमधल्या ग्राफिक्स चिपला ३५ ते ११५ वॉटपर्यंत वीज देता येते. किती द्यायची ते लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते. इंटेलच्या कोअर आय७-१२७००एच या प्रोसेसरची मूळ मर्यादा ४५ वॉट, पण टर्बोमध्ये तो ११५ वॉटपर्यंत जातो. जड गेम चालू असताना दोघांचे मिळून सव्वाशे-दीडशे वॉट सहज होतात. ही वीज गणितं करण्यात खर्च होते असं आपण म्हणतो, पण शेवटी तिची सगळी उष्णताच होते. म्हणजे दीड बल्ब, आणि तेही दोन-अडीच सेंटीमीटर जाडीच्या डब्यात.

ही उष्णता बाहेर येते ती पाच टप्प्यांनी. चिपवर उष्णता पुढे नेणाऱ्या पेस्टचा थर, त्यावर तांब्याची पट्टी, पट्टीला जोडलेल्या चपट्या नळ्या म्हणजे हीट पाइप, नळ्यांच्या टोकाला धातूच्या पातळ पट्ट्यांची जाळी, आणि जाळीतून हवा ढकलणारा फॅन. यातली नळी फार हुशारीने बनवलेली असते. ती पोकळ असते, आत कमी दाबाखाली थोडंसं पाणी असतं. गरम टोकाला त्या पाण्याची वाफ होते, वाफ थंड टोकाकडे जाते, तिथे तिचं पुन्हा पाणी होतं, आणि दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं ते नळीच्या आतल्या अस्तरातून मागे येतं. जनरल मोटर्सच्या रिचर्ड गॉगलर यांनी १९४०च्या दशकात या कल्पनेचं पेटंट घेतलं होतं. १९६३ साली लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी अंतराळयानांचा विचार करताना ती नव्याने उभी केली. आज तीच नळी आपल्या मांडीवर येऊन बसली आहे.

ही सगळी साखळी चिपला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही, हे मात्र लक्षात ठेवायला हवं. खोलीच्या हवेत आणि चिपमध्ये किती अंशांचा फरक राहील, एवढंच ती ठरवते. खोली २५ अंशांवर असताना चिप ८५ वर थांबत असेल, तर त्याच गेमला ३८ अंशांच्या खोलीत ती ९८ च्या आसपास पोचणार. अनेक इंटेल प्रोसेसरची मर्यादा १०० अंश असते. ग्राफिक्स चिप बहुधा ८७ च्या आसपासच वेग कमी करायला लागते. यालाच थ्रॉटलिंग म्हणतात. म्हणून जानेवारीत पुण्यात सुरळीत चाललेला लॅपटॉप मे महिन्यात चंद्रपूरला रखडतो आणि दोष लॅपटॉपचा वाटतो. परदेशी परीक्षणं बहुतेक थंड खोलीत केलेली असतात. त्यातला आकडा आपल्या उन्हाळ्याचे दहा-पंधरा अंश मनात धरूनच वाचावा.

इथवर आलो कसे

२००३ साली इंटेलने पेंटियम एम आणला तेव्हा लॅपटॉपच्या प्रोसेसरने कमी वीज खाणं हाच मोठा गुण मानला जात होता. तोवर चिपमधले ट्रान्झिस्टर लहान झाले की त्यांना लागणारं व्होल्टेजही कमी होत असे, त्यामुळे वेग वाढवूनही वीज आवाक्यात राहायची. २००५-०६ च्या सुमारास हा हिशोब मोडला. ट्रान्झिस्टर लहान होत राहिले, व्होल्टेज मात्र पूर्वीसारखं उतरेना. मग कंपन्यांनी कोअर वाढवले. गेमिंग लॅपटॉपमध्ये चारचे सहा २०१८ मध्ये झाले आणि सहाचे आठ २०१९ मध्ये. त्याच काळात लॅपटॉप बारीक होत गेले, कारण दुकानात हातात घेतल्यावर जाडी कळते, तापमान कळत नाही.

याची किंमत सगळ्यांनी मोजली. जुलै २००८ मध्ये एनव्हिडियाने लॅपटॉपमधल्या काही चिपच्या सदोष वेष्टणापोटी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढत असल्याचं जाहीर केलं. पुन्हा पुन्हा तापणं आणि थंड होणं त्या चिपच्या जोडांना झेपत नव्हतं. जुलै २०१८ मध्ये ॲपलच्या नव्या मॅकबुक प्रोमधला आय९ प्रोसेसर तापून आपल्या मूळ वेगाच्याही खाली घसरतो, असं एका यूट्यूबरने दाखवून दिलं. थोड्याच दिवसांत ॲपलने फर्मवेअरमधली त्रुटी मान्य करून दुरुस्ती दिली.

दुसऱ्या दिशेनेही काम झालं. २०१७ मध्ये एनव्हिडियाने मॅक्स-क्यू हा प्रकार आणला. रॉकेट वर जाताना हवेचा सर्वाधिक दाब ज्या क्षणी सोसतं, त्याचं हे नाव. चिपला तिच्या कमाल मर्यादेवर पळवण्याऐवजी प्रत्येक वॉटमागे जास्तीत जास्त काम मिळेल अशा जागी ठेवायचं, अशी ती कल्पना होती. २०२० च्या अखेरीस ॲपलने एम१ चिपचा मॅकबुक एअर बाजारात आणला, त्यात फॅनच नव्हता. तो गेमिंगचा लॅपटॉप नव्हता, पण कमी विजेत किती काम निघू शकतं हे त्याने सगळ्यांना दाखवलं. मला या इतिहासातून एवढंच घ्यावंसं वाटतं की शेवटच्या पाच-दहा टक्के वेगासाठी चिप फार जास्त वीज खाते. तो शेवटचा हट्ट सोडला की बाकी सगळं सोपं होतं.

आवाजाचं गणित

लॅपटॉपचा आवाज म्हणजे एकच आवाज नसतो. हवा फुटण्याची सरसर असते. पातं ठराविक जागेवरून पुन्हा पुन्हा गेल्यामुळे येणारी बारीक शीळ असते. बेअरिंग झिजल्यावर खरखर येते. आणि कधी कधी फॅन बंद असतानाही येणारी किणकिण असते, ती सर्किटमधल्या कॉइलची. यातली शीळ का टोचते ते आकड्यांत समजतं. मिनिटाला ५००० फेरे म्हणजे सेकंदाला ८३. फॅनला ६० पाती असतील तर सेकंदाला साधारण ५००० वेळा तोच धक्का, म्हणजे ५००० हर्ट्झ. माणसाचा कान सर्वात तीक्ष्ण असतो तो साधारण २००० ते ५००० हर्ट्झच्या पट्ट्यात. म्हणूनच काही कंपन्या पात्यांमधलं अंतर मुद्दाम कमीजास्त ठेवतात, की शीळ एकाच सुरावर जमू नये.

एक नियम मात्र आपल्या फायद्याचा आहे. फॅनचे फेरे कमी केले की हवा त्याच प्रमाणात कमी होते, आवाज मात्र त्याहून खूप वेगाने उतरतो. ५००० चे ४००० फेरे केले तर हवा २० टक्क्यांनी कमी होते आणि आवाज जवळजवळ ५ डेसिबलने. १० डेसिबल उतरले की कानाला आवाज निम्मा वाटतो. म्हणजे आत तयार होणारी उष्णता पाचव्या हिश्शाने जरी कमी करता आली, तरी फॅनला २० टक्के कमी फेऱ्यांत काम भागवता येतं आणि त्याचा फरक शेजारी झोपलेल्या माणसाला कळतो. या लेखातल्या उपायांचा क्रम या एका नियमावर बेतलेला आहे.

पहिला उपाय : न दिसणाऱ्या फ्रेम थांबवा

स्क्रीन १४४ हर्ट्झची असेल तर ती सेकंदाला १४४ च चित्रं, म्हणजे फ्रेम, दाखवू शकते. ग्राफिक्स चिपला मर्यादा घातली नाही, तर हलक्या गेममध्ये ती तीनशे-चारशे चित्रं बनवत बसते. या जास्तीच्या चित्रांनी माऊसचा प्रतिसाद किंचित झटपट होतो, म्हणून स्पर्धेत खेळणारे ती चालू ठेवतात. गोष्टीच्या ओढीने खेळणाऱ्याला त्यांचा काही उपयोग नसतो, वीज मात्र पूर्ण लागते. सर्वात वाईट म्हणजे गेमचा मेनू. २०१० मध्ये स्टारक्राफ्ट २ आला तेव्हा मेनूच्या पडद्यावरच अनेकांची कार्डं तापू लागली. तिथे दाखवायला फार काही नसल्याने कार्ड पूर्ण वेगाने तेच चित्र पुन्हा पुन्हा काढत होतं. ब्लिझार्डने मग सेटिंगच्या फाइलमध्ये मर्यादेच्या दोन ओळी टाकायला सांगितलं, एक खेळासाठी आणि एक मेनूसाठी. २०२१ मध्ये न्यू वर्ल्डच्या चाचणीदरम्यान काही महागडी डेस्कटॉप कार्डं बंद पडली. कार्ड बनवणाऱ्या कंपनीने एका बॅचच्या सोल्डरिंगचा दोष सांगितला, आणि गेम बनवणाऱ्यांनीही मेनूतल्या फ्रेमवर मर्यादा घातली.

मर्यादा घालायला खर्च शून्य आणि वेळ दोन मिनिटं. बहुतेक गेमच्या सेटिंगमध्ये ती सोय असते, नसेल तर ग्राफिक्स ड्रायव्हरच्या पॅनेलमध्ये असते. गोष्टीचे गेम ६० वर आणि वेगवान गेम ९० किंवा १२० वर ठेवून बघा. सावल्या आणि प्रतिबिंबं 'अल्ट्रा'वरून 'हाय'वर आणली, लहान चित्र काढून ते मोठं करणारं डीएलएसएस किंवा एफएसआर चालू केलं, तर त्याच फ्रेम आणखी कमी विजेत निघतात. मर्यादा न घालता नुसतं सेटिंग उतरवलं, तर मात्र चिप तेवढ्याच विजेत जास्त फ्रेम काढत बसेल. म्हणून मर्यादा आधी घालायची.

दुसरा उपाय : व्होल्टेज आणि टर्बो

चिपची वीज व्होल्टेजच्या वर्गाने वाढते. १ व्होल्टच्या जागी ०.८५ व्होल्ट दिलं तर त्याच वेगाला वीज जवळजवळ २८ टक्के कमी लागते. कंपनी प्रत्येक चिपला थोडं जास्त व्होल्टेज देते, कारण लाखो चिपमधली कमकुवत चिपही चालायला हवी. आपली चिप त्याहून चांगली असेल, तर ती जास्तीची वीज फुकट जात असते. एमएसआय आफ्टरबर्नरमध्ये ग्राफिक्स चिपची व्होल्टेजची रेषा एका बिंदूपासून पुढे आडवी करता येते. थोडं थोडं कमी करत जायचं, प्रत्येक पायरीवर तासभर खेळायचं, आणि गेम बंद पडला की एक पायरी मागे यायचं. यात चिप जळत नाही. फार तर लॅपटॉप रीस्टार्ट होतो.

प्रोसेसरचं व्होल्टेज असं बदलणं बऱ्याच इंटेल लॅपटॉपवर आता शक्य नाही. डिसेंबर २०१९ मध्ये संशोधकांनी प्लंडरव्होल्ट नावाचा हल्ला दाखवला. व्होल्टेज मुद्दाम खाली ओढून प्रोसेसरच्या सुरक्षित कप्प्यातली माहिती त्यातून काढता येत होती. त्यानंतर कंपन्यांनी ही सोय बायोसमध्येच बंद करायला सुरुवात केली. सुरक्षेचं कारण खरं आहे, पण स्वतःच्या यंत्रावर काय चालावं हे ठरवण्याचा मालकाचा हक्कही खरा आहे. जाणत्या माणसाला ती सोय उघडता यावी, असं माझं मत आहे.

तोवर एक सोपा मार्ग आहे. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० वरून ९९ टक्के केली की बऱ्याच इंटेल लॅपटॉपवर टर्बो बंद होतो. ज्या गेमचा भार ग्राफिक्स चिपवर असतो त्यात फ्रेम फारशा पडत नाहीत आणि प्रोसेसर खूप थंड राहतो. ज्या गेमचा भार प्रोसेसरवर असतो त्यात मात्र फरक जाणवेल. दोन्ही करून बघा, आणि खेळताना तापमान दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो चालू ठेवून आकडे लिहून ठेवा. नुसत्या अंदाजाने हे काम होत नाही.

तिसरा उपाय : वाट मोकळी करा

भाच्याचा लॅपटॉप मी दुसऱ्या दिवशी उघडला. कागदावर मागच्या झाकणाचं चित्र काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी टोचून ठेवला, कारण लांब स्क्रू आखूड जागी गेला तर बोर्डाला भोक पडू शकतं. बॅटरीची पिन आधी काढली. फॅनची पाती वरून स्वच्छ दिसत होती. फॅनचं झाकण काढलं तेव्हा खरा प्रकार कळला : पाती आणि धातूच्या जाळीच्या मध्ये करड्या रंगाची, नमद्यासारखी घट्ट पट्टी बसली होती. गादीचा कापूस, केस आणि धूळ यांची. चिमट्याने ओढली तर अखंड बाहेर आली. दोन वर्षं तो फॅन या पट्टीवर हवा आपटत होता आणि आम्ही फॅनलाच दोष देत होतो.

साफ करताना पातं काडीने धरून ठेवावं. ब्लोअरच्या झोताने ते भलत्या वेगाने फिरलं तर बेअरिंग खराब होतं. आपल्याकडच्या धुळीत हे काम वर्षातून एकदा, उन्हाळा लागायच्या आधी करावं. वॉरंटी चालू असेल तर आधी अटी वाचाव्यात आणि सेवा केंद्रातून करून घ्यावं.

पेस्टचा क्रमांक धुळीनंतर. सतत तापून-थंड होऊन पातळ पेस्ट चिपच्या मधून कडेला सरकते, म्हणून दोन-तीन वर्षांनी बदलणं बरं. हनीवेलच्या पीटीएम७९५० सारखी, गरम झाल्यावर मऊ होऊन जागेवरच टिकणारी पट्टी लॅपटॉपला जास्त मानवते. द्रव धातूची पेस्ट घरी वापरू नये. तिच्यातून वीज वाहते, ॲल्युमिनियमला ती खाते, आणि एक थेंब चुकीच्या जागी गेला तर बोर्ड जातो.

गादी, उशी आणि गोधडी यांवर लॅपटॉप ठेवला की खालची हवा बंदच होते. टेबलावर ठेवून मागच्या दोन पायांखाली दोन खोडरबर दिले तरी फरक पडतो. कूलिंग पॅडचा उपयोग हवा घेणाऱ्या जाळ्या आणि पॅडचे फॅन समोरासमोर येतात का यावर ठरतो. येत नसतील तर तो पॅड म्हणजे महागडे खोडरबर. कडेने फोम लावून हवा आत कोंबणारे पॅड खरंच चांगला फरक पाडतात, पण त्यांचा स्वतःचा आवाज मोठा असतो. आपला प्रश्न आवाजाचा असेल तर ते घेऊ नयेत.

शेवटी फॅन

आता फॅनकडे यायचं. बहुतेक कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये 'सायलेंट', 'बॅलन्स्ड' आणि 'टर्बो' असे प्रकार असतात. 'सायलेंट'मध्ये फॅनबरोबर विजेचीही मर्यादा उतरते, म्हणून तो नुसता फॅन दाबण्यापेक्षा शहाणा उपाय आहे. फॅनची रेषा स्वतः ठरवता येत असेल तर ती सपाट ठेवा. आवाज सारखा वर-खाली होत राहिला की तो जास्त त्रास देतो. एकाच पातळीवर राहिला तर कान त्याला सरावतो. उष्णता तशीच ठेवून फॅन दाबणं मात्र कधी करू नये. चिप स्वतःला वाचवते, पण शेजारची बॅटरी लवकर म्हातारी होते. चार्जर लावूनच खेळत असाल तर बॅटरीची चार्जिंग मर्यादा ६० किंवा ८० टक्क्यांवर ठेवणं यासाठीच चांगलं.

९० अंश म्हणजे लगेच धोका, असं मात्र नाही. चिप त्या तापमानासाठी बनवलेली असते आणि कंपन्यांचं हे म्हणणं चुकीचं नाही. रोज तीन तास मर्यादेला टेकून ठेवण्याने भवतालचे भाग झिजतात, एवढाच त्यातला इशारा आहे.

माणसाचं शरीरही तापतं

२०१० मध्ये पीडियाट्रिक्स या वैद्यकीय नियतकालिकात स्वित्झर्लंडच्या डॉक्टरांनी बारा वर्षांच्या एका मुलाची नोंद दिली. तो कित्येक महिने रोज काही तास लॅपटॉप मांडीवर ठेवून गेम खेळत होता. डावी बाजू जास्त तापते हे त्याला कळत होतं, पण त्याने जागा बदलली नाही. त्याच्या डाव्या मांडीवर जाळीसारखा तपकिरी डाग उमटला. पूर्वी शेगडीशी सतत बसणाऱ्यांना असे डाग पडत.

कानाचा धोका आडवाटेने येतो. फॅनच्या आवाजाने कान खराब होत नाही. पण तो आवाज झाकायला मुलं हेडफोनचा आवाज वाढवतात. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्यांसाठी ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास अशी मर्यादा सांगितली आहे. आवाज जितका वाढेल तितके तास झपाट्याने कमी होतात. लॅपटॉप शांत करणं म्हणजे मुलाचे कान वाचवणं, असं मी आता आईवडिलांना सांगतो.

दुकानात काय विचारावं

एकाच नावाच्या ग्राफिक्स चिपचे दोन लॅपटॉप वेगवेगळे पळतात, कारण एकातल्या चिपला ६० वॉट दिलेले असतात आणि दुसऱ्यातलीला ११५. २०२१ पासून एनव्हिडियाने कंपन्यांना हा वॉटचा आकडा आपल्या पानावर द्यायला सांगितलं आहे. घेण्याआधी तो बघा. जाड, वजनदार लॅपटॉप शांत असण्याची शक्यता जास्त, कारण मोठा फॅन कमी फेऱ्यांत तेवढीच हवा देतो. आवाजाचा आकडा मात्र खोक्यावर सहसा नसतो. एसीच्या इनडोअर युनिटचा आवाज किती डेसिबल ते माहितीपत्रकात छापलेलं असतं. लाखभर रुपयांच्या लॅपटॉपवर, पूर्ण भार असताना आवाज किती आणि खोली किती अंशांवर धरून मोजला, एवढं तरी छापलंच पाहिजे. ३५ अंशांच्या खोलीतला आकडा आपण मागायला हवा, कारण आपल्याकडचा विद्यार्थी त्याच खोलीत बसून खेळतो आणि अभ्यासही करतो.

भाच्याच्या लॅपटॉपला आम्ही नवा फॅन घेतला नाही, पॅडही घेतला नाही. धुळीची पट्टी काढली, फ्रेम ६० वर बांधल्या, व्होल्टेज दोन पायऱ्या उतरवलं आणि मागे दोन खोडरबर लावले. त्या रात्री तो तोच गेम खेळायला बसला. तासाभराने मी सहज त्याच्या खोलीशी गेलो, तर दाराबाहेर खिडकीतल्या कूलरमधून वाळ्यावर पडणाऱ्या पाण्याचा आवाज ऐकू येत होता.